म्युनिकचं लिमक्स प्रकरण: पंधरा हजार कॉम्प्युटर बदलले, आयटीचा कारभार जुनाच राहिला

सरकारी ऑफिसात लिनक्स (विंडोजसारखीच, पण कोणालाही वापरता आणि बदलता येणारी खुली ऑपरेटिंग सिस्टीम) किंवा ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर) आणायचा विषय निघाला की मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, "अहो म्युनिकनं करून बघितलं ना, आले ना शेवटी परत विंडोजवर." झालं, विषय तिथेच संपतो. घटना खरी आहे, जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेनं लिमक्स नावाचा आपला लिनक्सचा सेटअप उभा केला आणि ती खरंच परत गेली. पण का गेली विचारलं की उत्तर येतं "लिनक्स चाललं नाही", आणि ते उत्तर चुकीचं आहे. म्युनिकची खरी अडचण होती आयटी सांभाळणाऱ्या खात्यांच्या रचनेत, कोणी कोणाला उत्तर द्यायचं यात. ती अडचण लिनक्स यायच्या आधी होती, लिनक्स असताना होती, आणि खापर मात्र फुटलं लिनक्सच्या डोक्यावर. आपल्या पालिकांमध्ये जुनी सिस्टीम बदलायची वेळ आली की पहिला प्रश्न "कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं" हाच असतो, म्हणून हे प्रकरण नीट समजून घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात कशी झाली

म्युनिक ही बव्हेरिया राज्याची राजधानी, लोकसंख्येनं जर्मनीतलं तिसऱ्या नंबरचं शहर. तिथल्या महापालिकेकडे आपल्या पालिकेपेक्षा बरीच जास्त कामं असतात, म्हणजे जन्म-मृत्यू, लग्न नोंदणी, बालवाड्या, बांधकाम परवानगी हे तर आहेच, पण राहत्या पत्त्याची नोंद, गाड्यांचं रजिस्ट्रेशन, परदेशी नागरिकांचे राहण्याचे परवाने हेही पालिकाच बघते. हजारो कर्मचारी, शहरभर पसरलेली ऑफिसं, आणि २००० सालच्या आसपास साधारण चौदा हजार डेस्कटॉप, बहुतेकांवर विंडोज एनटी ४ आणि त्या काळातलं मायक्रोसॉफ्ट ऑफिस.

बदल करायचा म्हणून कोणाच्या मनात उत्साह उसळला आणि हे सुरू झालं असं अजिबात नाही. मायक्रोसॉफ्टनं एनटी ४ चा सपोर्ट बंद करायचं ठरवलं, त्यामुळे पालिकेपुढे प्रश्न आला की आता पुढे काय. सरळ रस्ता म्हणजे विंडोज एक्सपी घ्यायचं. पण नगरसेवकांनी पर्याय तपासायला सांगितले, बाहेरच्या सल्लागार कंपनीकडून अभ्यास करून घेतला, आणि त्या अभ्यासातून जे निघालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. निव्वळ पैशाच्या हिशोबात लिनक्स काही फार स्वस्त पडत नव्हतं. लिनक्सच्या बाजूनं पारडं झुकलं ते लांब पल्ल्याच्या विचारामुळे: आपली सिस्टीम कधी बदलायची, कधी पैसे खर्च करायचे हे कंपनी ठरवणार की पालिका ठरवणार? एनटी ४ नीट चालत असताना केवळ सपोर्ट बंद होतोय म्हणून सगळं बदलावं लागतंय, हा अनुभव ताजाच होता.

मायक्रोसॉफ्टला हे गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. मार्च २००३ मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वित्झर्लंडमधली स्कीइंगची सुट्टी अर्धवट टाकून म्युनिकचे महापौर क्रिस्टियान उडे यांना भेटायला आले. ऑफर आधी ३ कोटी ६६ लाख डॉलरची होती, ती उतरत उतरत २ कोटी ३७ लाखांवर आली. आयबीएम आणि सुसे (लिनक्स पुरवणारी कंपनी) यांचा लिनक्सचा प्रस्ताव त्याहून महाग होता. तरीही २८ मे २००३ ला नगरपरिषदेनं, म्हणजे तिथल्या नगरसेवकांच्या सभेनं, ५० विरुद्ध ३० मतांनी लिनक्सच्या बाजूनं कौल दिला. म्हणजे "फुकट मिळतंय म्हणून लिनक्स घेतलं" हा जो समज आपल्याकडे आहे तो मुळातच चुकीचा. त्यांनी महागातला पर्याय घेतला, डोळे उघडे ठेवून.

पहिली तीन वर्षं

तत्त्वतः निर्णय २००३ ला झाला, सविस्तर आराखड्याला मंजुरी मिळाली १६ जून २००४ ला. त्याच ऑगस्टमध्ये सॉफ्टवेअर पेटंटच्या वादामुळे टेंडर काही काळ थांबवलं गेलं, कारण युरोपात तेव्हा पेटंटचा कायदा येऊ घातला होता आणि उद्या कोणी पालिकेवरच दावा ठोकला तर काय अशी शंका आली. ती शंका फिटली, काम पुढे सरकलं, २००५ मध्ये गोनिकुस आणि सॉफ्टकॉन या दोन छोट्या जर्मन कंपन्यांना काम मिळालं आणि पाया म्हणून डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार निवडला गेला. पुढे तो पाया उबुंटू या दुसऱ्या प्रकारावर नेला. या सगळ्या सेटअपला नाव दिलं लिमक्स. पहिले कॉम्प्युटर प्रत्यक्षात बदलले ते २००६ च्या शरद ऋतूत.

म्हणजे मतदानापासून पहिल्या कॉम्प्युटरपर्यंत तीन वर्षं. बातम्यांमध्ये तेव्हापासूनच "रखडलेला प्रकल्प" असं यायला लागलं होतं. पण ही तीन वर्षं आणि त्यापुढची दोन-तीन वर्षं कशात गेली ते बघितलं पाहिजे, प्रकरणाचा गाभा तिथेच आहे.

टीम कामाला लागली आणि लक्षात आलं की "पालिकेचा कॉम्प्युटर" असं काही अस्तित्वातच नाही. वीसच्या वर वेगवेगळे आयटी विभाग होते, प्रत्येक मोठ्या खात्याचा आपला, सगळे मिळून हजारभर माणसं आयटीत काम करत होती. प्रत्येकानं विंडोजचा सेटअप आपापल्या पद्धतीनं बसवलेला, त्यामुळे विंडोज एकच असलं तरी पालिकेत त्याचे एकवीस वेगवेगळे अवतार फिरत होते. कर्मचाऱ्यांची एक यादी नाही, प्रत्येक खात्याची आपली. सॉफ्टवेअर पाठवायची पद्धत वेगळी, हेल्पडेस्क वेगळा, सिक्युरिटीचे नियम वेगळे. सॉफ्टवेअर तर शेकड्यांनी, आणि एकच काम करणारी दोन-तीन सॉफ्टवेअर दोन-तीन खात्यांनी वेगवेगळी घेतलेली.

आता अशा ठिकाणी तुम्ही एक्सपी टाकायला गेला असतात तरी हेच सगळं बाहेर आलं असतं. फरक इतकाच की एक्सपी टाकलं असतं तर एकवीसच्या एकवीस अवतारांवर झाकण घालून पुढे जाता आलं असतं, आणि लिनक्समुळे प्रत्येक झाकण उघडावंच लागलं. माझ्या मते या प्रकल्पाचा सगळ्यात मोठा फायदा हाच होता, आणि त्याची किंमत वेळात मोजावी लागली.

नमुने, मॅक्रो आणि स्थळप्रत

ऑपरेटिंग सिस्टीम बदलणं त्यामानानं सोपं, खरी डोकेदुखी होती कागदपत्रांची. पालिकेत वर्षानुवर्षं साठलेले पत्रांचे नमुने, फॉर्म आणि मॅक्रो (वर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तेच तेच काम आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) मोजले तर वीस हजारांच्या वर भरले. प्रत्येक खात्यात कोणीतरी हुशार माणूस असतोच, तो वर्डमध्ये एक मॅक्रो लिहून ठेवतो, मग ऑफिसचं सगळं काम त्या मॅक्रोवर चालतं, मग तो माणूस बदली होऊन जातो किंवा रिटायर होतो आणि त्या मॅक्रोला हात लावायची कोणाची हिंमत होत नाही. म्युनिकमध्ये असे शेकडो मॅक्रो होते.

यावर त्यांनी जे केलं ते मला या अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात आवडतं काम. प्रत्येक मॅक्रो जसाच्या तसा ओपनऑफिसमध्ये (मायक्रोसॉफ्ट ऑफिसला असलेला ओपन सोर्स पर्याय) उतरवायच्या भानगडीत न पडता त्यांनी वोलमक्स नावाचं एक सॉफ्टवेअर स्वतः लिहिलं. क्लार्कनं पत्राचा नमुना उघडला की पाठवणाऱ्याचं नाव, हुद्दा, खोली नंबर, फोन, खात्याचा शीर्षभाग हे सगळं कर्मचाऱ्यांच्या यादीतून आपोआप येऊन बसणार. बाजूला एक फॉर्म दिसणार, त्यात अर्जदाराची माहिती भरायची, आणि भरलेल्या माहितीप्रमाणे पत्रातले परिच्छेद दिसणार किंवा लपणार. आणि प्रिंट देताना एकाच पत्राच्या वेगवेगळ्या प्रती निघणार: मूळ पत्र अर्जदाराला, त्याखाली ज्यांना माहितीसाठी पाठवायची त्यांच्या प्रती, आणि फाइलला लावायची प्रत. ज्यांनी आपल्याकडच्या सरकारी ऑफिसात काम केलंय त्यांना हे वाचताना लगेच ओळख पटेल, "प्रत माहितीसाठी सविनय सादर" आणि सगळ्यात खाली स्थळप्रत, तोच प्रकार. जर्मन सरकारी ऑफिसातही हे चालतं आणि कुठल्याही तयार ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आयती नसते, त्यामुळे प्रत्येक खात्यानं त्यासाठी आपापला जुगाड केलेला होता.

वोलमक्स २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं गेलं. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ते आणताना प्रत्येक खात्याला आपले नमुने काढून बघावे लागले, कुठला वापरात आहे, कुठला दहा वर्षांत कोणी उघडलेला नाही, कुठले चार नमुने खरं तर एकच आहेत. हजारो नमुने या साफसफाईत गेले.

मी एका नगरपालिकेच्या ऑफिसात असाच प्रकार जवळून बघितलाय, गाव सांगत नाही. मालमत्ता कराच्या नोटिशीचा नमुना एका जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये होता, तो फाँट एकाच कॉम्प्युटरवर होता, आणि त्या कॉम्प्युटरला नवीन विंडोज टाकायला कर विभागाचे मोठे साहेब परवानगी देत नव्हते कारण नोटिसा थांबल्या तर मार्चची वसुली बोंबलेल. इंटरनेटला जोडलेला, सपोर्ट संपलेला कॉम्प्युटर केवळ एका फाँटसाठी तसाच ठेवलेला. तिथल्या ऑपरेटर ताई मला म्हणाल्या, "सर, मजकूर मी एका दुपारी परत टाइप करून देते युनिकोडमध्ये, पण तो बरोबर आहे असं सही करून कोण सांगणार?" हा प्रश्न आयटीचा नाहीच. नमुन्याचा मालक कोण हा प्रश्न आहे, आणि म्युनिकनं वीस हजार वेळा तोच प्रश्न विचारला.

क्रमही त्यांनी शहाणपणानं लावला होता. आधी विंडोजवरच ओपनऑफिस, फायरफॉक्स हा ब्राउझर, थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर द्यायचं, लोकांचा हात बसू द्यायचा, आणि मग खालची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची. रोज दिसणारी गोष्ट आधी बदलली की खालची बदललेली फारशी जाणवत नाही. पुढे ओपनऑफिसवरून त्यातूनच निघालेल्या लिबरऑफिसवर जायचं ठरलं, तेही त्याच मार्गानं.

२०१३: काम पूर्ण

२००८-०९ च्या सुमारास संपेल असं धरलेलं काम बऱ्याचदा पुढे ढकललं गेलं आणि डिसेंबर २०१३ मध्ये अधिकृतपणे पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. तेव्हा साधारण पंधरा-साडेपंधरा हजारांपैकी १४,८०० च्या वर कॉम्प्युटर लिमक्सवर होते. मूळ लक्ष्य ८० टक्क्यांचं होतं, ते त्यांनी ओलांडलं. हे लक्षात घ्या, कारण "म्युनिक फसलं" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे माहीतच नसतं की प्रकल्प एकदा पूर्ण झालेला होता.

पैशाचं बघायचं तर २०१२ मध्ये पालिकेनं नगरपरिषदेपुढे मांडलेल्या हिशोबात लिमक्सचा खर्च सुमारे २ कोटी ३० लाख युरो आणि तेवढ्याच काळात विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस ठेवलं असतं तर लागला असता तो सुमारे ३ कोटी ४० लाख, म्हणजे एक कोटीहून जास्त बचत. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं एचपीकडून करून घेतलेल्या अभ्यासात बरोबर उलटं चित्र आलं, लिमक्सला ६ कोटींच्या वर आणि विंडोजला १ कोटी ७० लाखांच्या आसपास. पालिकेनं ती मोजणी मान्य केली नाही. कर्मचाऱ्यांचा वेळ, प्रशिक्षण, जुन्या नमुन्यांची साफसफाई हे कुठल्या खात्यात टाकायचं यावर असले आकडे वाटेल तसे फिरतात, त्यामुळे मी स्वतः या आकड्यांवरून काही ठरवत नाही, दोन्हीकडच्या.

त्याच सुमारास एक्सपीचा सपोर्ट संपायला आला तेव्हा पालिकेनं लुबुंटूच्या (जुन्या कॉम्प्युटरवरही चालणाऱ्या हलक्या लिनक्सच्या) दोन हजार सीडी शहराच्या लायब्ररीतून लोकांना वाटल्या, घरचा जुना कॉम्प्युटर फेकून देऊ नका म्हणून. तेवढा आत्मविश्वास तेव्हा होता.

मग बिनसलं कुठे

२०१४ मध्ये उडे निवृत्त झाले आणि डिटर रायटर महापौर झाले, पक्ष तोच, सोशल डेमोक्रॅट. पण रायटर यांनी उघडच सांगितलं होतं की आपल्याला मायक्रोसॉफ्टचं आवडतं. उपमहापौर योझेफ श्मिड यांनीही कर्मचारी वैतागलेत अशी विधानं केली. तक्रारी कशा होत्या ते बघा: मेल आणि कॅलेंडर धड जुळत नाही, मोबाइलवर ऑफिसचा मेल यायला कित्येक आठवडे लागले, बाहेरून आलेली वर्डची फाइल उघडली की मांडणी विस्कटते, प्रिंटरचा घोळ, सर्व्हर मधेच बंद पडतो, सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी.

या तक्रारी खोट्या नव्हत्या आणि लिनक्सवाल्यांनी त्या झटकून टाकल्या ती त्यांची चूकच. टेबलावर बसून रोज तीस अर्ज निकाली काढणाऱ्या माणसाला तुम्ही सांगू शकत नाही की तुझी अडचण खरी नाही. पण एकेक तक्रार सोडवून बघितली की वेगळंच दिसतं. मेल आणि कॅलेंडरची जुनी व्यवस्था डेस्कटॉपपासून वेगळी होती, तिच्यासाठी वेगळा प्रकल्प सुरू झालेला आणि कोलॅब हे सॉफ्टवेअर निवडलेलं, पण ते सगळ्यांपर्यंत पोचायला वेळ लागत होता. मोबाइलवरचा मेल सर्व्हरवरून येतो, डेस्कटॉपवर विंडोज आहे का लिनक्स याचा त्याच्याशी संबंध नाही. सर्व्हर बंद पडण्याचाही नाही. पालिकेची आयटी सेवा सांभाळणाऱ्या संस्थेचे प्रमुख कार्ल-हाइन्झ श्नायडर यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की परत विंडोजवर जायला भाग पाडतील अशी तांत्रिक कारणं आपल्याला दिसत नाहीत आणि मोठे बिघाड लिमक्समुळे झालेले नाहीत. पालिकेच्या स्वतःच्या नोकरीतला माणूस महापौरांच्या मताविरुद्ध हे उघड बोलला, यावरूनच काय ते समजावं.

आवृत्ती जुनी असण्याची तक्रार मात्र थेट मुळाशी जाते. पालिकेनं मधल्या काळात आयटीची फेररचना केली होती. त्यातून तीन घरं तयार झाली: एक मध्यवर्ती सेवा देणारी संस्था, एक धोरण ठरवणारा विभाग, आणि शिवाय प्रत्येक खात्यात आपला आयटी विभाग, जो खात्याची मागणी गोळा करून पुढे पाठवणार. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात काय व्हायचं? कर्मचाऱ्याला प्रिंट येत नाही. तो खात्यातल्या आयटीकडे जाणार, ते मध्यवर्ती संस्थेकडे कळवणार, तिथून उत्तर येणार की नवीन आवृत्तीत हे सुटलंय, ती टाका. टाकायची कधी हे खातं ठरवणार. खातं म्हणणार आमचं एक जुनं सॉफ्टवेअर नवीन आवृत्तीवर तपासलेलं नाही, थांबा. तपासायचं कोणी? ते धोरणात बसत नाही. आणि तो कर्मचारी महिनाभरानं आपल्या शेजाऱ्याला काय सांगणार? "हे लिनक्स बेकार आहे." त्याच्या स्क्रीनवर तेच नाव दिसतं ना, त्याला मधली तीन घरं दिसतच नाहीत. त्याला दोष नाही.

शिवाय दोन्ही डगरींवर पाय राहिला होता. गाड्यांच्या नोंदणीपासून बांधकामाच्या नकाशांपर्यंत काही सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारी, ती बनवणारे लिनक्ससाठी बनवायला तयार नाहीत, म्हणून काही विंडोज कॉम्प्युटर ठेवावेच लागले. त्यांना सांभाळायला वेगळी माणसं, वेगळे सर्व्हर, वेगळं टेस्टिंग. डेस्कटॉप बदलण्याऐवजी आधी ही सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतील अशी करून घ्यायला पालिकेनं जोर लावला असता तर २०१४ नंतरचा निम्मा वाद झालाच नसता असं माझं ठाम मत आहे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरला खाली काय आहे याची पर्वा नसते. त्या दिशेनं काम झालं, पण सावकाश, आणि डेस्कटॉपच्या आकड्याला जेवढं महत्त्व मिळालं तेवढं त्याला मिळालं नाही.

परतीचा रस्ता

२०१६ मध्ये बाहेरच्या सल्लागारांचा मोठा अहवाल आला, त्यात अ‍ॅक्सेंचर होती. अ‍ॅक्सेंचर मायक्रोसॉफ्टची जुनी भागीदार कंपनी आहे, दोघांची मिळून अव्हानाड नावाची कंपनी आहे, त्यामुळे अहवालावर आधीपासूनच संशय होता. गंमत वाटावी पण त्या अहवालातही सगळ्यात मोठा दोष रचनेचाच सांगितला होता, म्हणजे जबाबदाऱ्या विखुरलेल्या, निर्णय लांबणारे, आयटी विभाग एकमेकांना बांधलेले नाहीत. विंडोजचा पर्याय खुला करा हाही सल्ला त्यात होता. नगरपरिषदेच्या चर्चेत आणि पेपरात उचलून धरला गेला तो दुसरा मुद्दा.

१५ फेब्रुवारी २०१७ ला सत्ताधारी सोशल डेमोक्रॅट आणि ख्रिश्चन सोशल युनियन यांनी विंडोजवर परत जायची तयारी करायचा ठराव मंजूर केला, २३ नोव्हेंबर २०१७ ला अंतिम निर्णय झाला. विंडोज १० चा एकच सेटअप तयार करायचा, सुमारे २९,००० कॉम्प्युटरवर टाकायचा, त्याला ४ कोटी ९३ लाख युरो, आणि आयटीच्या बाकी बदलांसकट एकूण ८ कोटी ६० लाखांच्या आसपास. मेलसाठी कोलॅब सोडून मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज. ग्रीन पक्षानं विरोध केला, खुल्या सॉफ्टवेअरचा प्रचार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोप या संस्थेनं पत्रकं काढली, उपयोग झाला नाही.

मायक्रोसॉफ्टनं आपलं जर्मनीतलं मुख्य ऑफिस २०१६ मध्ये म्युनिक शहराच्या हद्दीत आणलं, आणि ते यावं म्हणून रायटर यांनी महापौर व्हायच्या आधी आर्थिक खात्याचे प्रमुख असताना प्रयत्न केले होते. बरेच जण दोन्ही गोष्टी जोडतात. मी नाही जोडत, कारण त्याची गरजच पडत नाही. कर्मचारी वैतागलेले, नवीन महापौर आधीपासून साशंक, आणि लिमक्सच्या मागे खंबीरपणे उभा राहणारा उडे यांच्यासारखा नेता उरलेला नाही, एवढं पुरेसं होतं. २००३ चा निर्णय एका राजकीय माणसाच्या पाठबळावर उभा होता, तो माणूस निवृत्त झाल्यावर हा प्रकल्प कोणाचा हे पालिकेत कोणालाच सांगता येत नव्हतं.

आणि आता या प्रकरणातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट. जानेवारी २०१८ मध्ये, म्हणजे विंडोजचा अंतिम निर्णय झाल्यावर लगेच, म्युनिकनं आयटीसाठी स्वतंत्र खातं स्थापन केलं, नगरपरिषदेला थेट उत्तर देणारा प्रमुख नेमला आणि विखुरलेले विभाग एका छताखाली आणायला घेतले. हेच काम २००४ मध्ये, पहिला कॉम्प्युटर बदलायच्या आधी, व्हायला हवं होतं. ते झालं असतं तर लिमक्स टिकलं असतं का? मला वाटतं टिकलं असतं. निदान त्याचा निकाल तरी त्याच्या गुणदोषांवर लागला असता.

विंडोज आल्यावर काही गोष्टी सुधारल्या असतील तर त्यातलं श्रेय विंडोजला किती आणि या नवीन खात्याला किती हे आता कोणीच वेगळं करू शकत नाही, दोन्ही एकदमच आलं.

जिथे जमलं तिथे काय वेगळं होतं

फ्रान्सच्या जाँदार्मरीनं, म्हणजे तिथल्या निमलष्करी पोलीस दलानं, जवळपास त्याच काळात हेच केलं. २००५ मध्ये ओपनऑफिस, मग फायरफॉक्स आणि थंडरबर्ड, आणि २००८ पासून उबुंटू. आज तिथे सत्तर हजारांच्या वर कॉम्प्युटर लिनक्सवर आहेत आणि त्याची कुठे फारशी बातमीही होत नाही. क्रम म्युनिकसारखाच, सॉफ्टवेअर जवळपास तीच. पण ते दल आहे, वरून आदेश निघाला की खालपर्यंत एकच सेटअप जातो, आयटीची एकच साखळी आहे, आणि कुठल्या ठाण्याला "आमचं आम्ही ठरवतो" म्हणायची सोय नाही. महापालिकेत तसा आदेश चालत नाही आणि चालूही नये, खात्यांची कामं खरोखर वेगळी असतात. म्हणूनच पालिकेत आधी बसून ठरवावं लागतं की कुठली गोष्ट सगळ्यांसाठी एकच राहील आणि कुठली खात्यानं ठरवायची.

म्युनिकमध्येही विषय २०१७ ला मिटला नाही. मे २०२० मध्ये ग्रीन आणि सोशल डेमोक्रॅट यांची आघाडी झाली, महापौर रायटरच, आणि करारात लिहिलं गेलं की जिथे शक्य असेल तिथे खुलं सॉफ्टवेअर आणि खुले फॉरमॅट वापरायचे आणि लोकांच्या पैशातून लिहिलेला कोड लोकांसाठी खुला करायचा. डेस्कटॉपवर विंडोज आणि बाकीच्या कामात ओपन सोर्स अशी त्यांची आताची वाट आहे.

जर्मनीच्याच उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानं एप्रिल २०२४ मध्ये ३०,००० कॉम्प्युटरवर लिबरऑफिस आणायचं ठरवलं, तेव्हा सगळ्या पेपरांनी म्युनिकची आठवण काढली. तिथे सरकारी आयटी चालवणारी डाटापोर्ट ही मध्यवर्ती संस्था आधीपासून आहे, कर्मचाऱ्यांची ओळख आणि सेटअप तिच्याकडे आहे. त्यांनी आधी ऑफिस सॉफ्टवेअर घेतलं, मग मेल आणि कॅलेंडर, म्हणजे नेमकं ते जे म्युनिकमध्ये शेवटपर्यंत मागे पडलं होतं. डेस्कटॉपवरचं लिनक्स त्यांनी यादीत त्यानंतर ठेवलंय.